जीवशास्त्राची शिकवणी : कोणासाठी आणि कशासाठी?

२०१५ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. सायंकाळचा दवाखाना आटोपत आला होता. शेवटचे नाव पुकारले, आणि साठी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच आत आल्या. बालरोगतज्ज्ञाकडे मुलाशिवाय येणारी व्यक्ती सहसा औषध कंपनीची असते, नाहीतर वर्गणी मागणारी. मी विचारले, "नातवंड कुठे आहे?" त्या हसल्या. "नातवंड नाही डॉक्टर, कार्ड आणलं आहे."

पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर, फळ्यावर लिहून लिहून वळणदार झालेल्या अक्षरांत मजकूर होता : ‘जीवशास्त्र. अकरावी व बारावी. ३४ वर्षांचा अनुभव. एका वेळी आठच विद्यार्थी.’ खाली घरचा पत्ता. उच्च माध्यमिक शाळेतील नोकरीतून वर्षभरापूर्वी त्या निवृत्त झाल्या होत्या. हे कार्ड माझ्या दवाखान्यात लावता येईल का, असे त्या विचारत होत्या. दवाखान्यात कोणाचीही जाहिरात लावायची नाही, हा माझा नियम मी त्यांना नम्रपणे सांगितला. त्या म्हणाल्या, "जाहिरात नाही हो ही, पत्ता आहे. ज्याला यायचं असेल त्याला घर तर सापडायला हवं."

यावर मला उत्तर सुचले नाही. लसीकरणाच्या तक्त्याशेजारी मी ते कार्ड लावले. त्याच आठवड्यात, नववीत गेलेल्या माझ्या मुलाचे नाव मी एका मोठ्या शिकवणी वर्गाच्या ‘फाउंडेशन’ अभ्यासक्रमात घातले. तेथे एका खोलीत दीडशेच्या वर मुले बसत. शिकवणारे दूरवर, हातात ध्वनिक्षेपक घेऊन उभे असत. का घातले, असे आज कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एवढेच, की माझ्या परिचयातील सगळे डॉक्टर तसेच करत होते. आठ विद्यार्थ्यांची शिकवणी ही ज्यांना मोठे वर्ग परवडत नाहीत त्यांच्यासाठी असते, असे मी मनाशी धरून चाललो होतो. थोडक्यात, बाईंचे कार्ड माझ्या भिंतीवर होते आणि माझा मुलगा दुसरीकडे.

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा हीच विसंगती डोळ्यांपुढे आली. आपणांपैकी अनेकांच्या घरी आज नववी ते बारावीतील मुले आहेत. त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरी नाहीत त्यांच्यासाठीही, मला एक मत मांडायचे आहे : अनुभवी शिक्षकाची लहान शिकवणी ही मोठ्या वर्गाची गरीब बहीण नव्हे, जीवशास्त्र हा विषय ज्या रीतीने शिकायला हवा, ती रीत आज बहुधा तिथेच उरली आहे.

प्रथम आकड्यांकडे पाहू. ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. म्हणजे आपल्या व्यवसायाच्या दारावर उभा असलेला निम्मा पहारा या एकाच विषयाचा आहे. २०२४ साली या परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्या वर्षी देशात एम.बी.बी.एस.च्या सरकारी आणि खासगी मिळून जागा सव्वा लाखाच्या आतच होत्या. ढोबळ हिशेब केला तर वीस विद्यार्थ्यांमागे एक डॉक्टर होणार आणि एकोणीस होणार नाहीत. हे एकोणीस जण नालायक नसतात. जागाच तेवढ्या आहेत.

परंतु आपण सारा विचार त्या एकाचाच करतो. वर्गांच्या भिंतींवर त्या एकाची छायाचित्रे लागतात, आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात त्या एकाला शाल आणि श्रीफळ मिळते. उरलेल्या एकोणीस जणांनीही दोन वर्षे जीवशास्त्रच शिकण्यात घालवलेली असतात. त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मला हा प्रश्न पडतो, कारण दहा-बारा वर्षांनी हेच एकोणीस जण आपले बाळ घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात. कोणी बँकेत असते, कोणी दुकान चालवते, कोणी संगणकावर काम करते. बाळाला जुलाब लागलेले असतात आणि पुडीतल्या क्षार-साखरेच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नसतो. "पाणीच पाजायचं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो, सलाइन लावा," असे म्हणणाऱ्या बापाने बारावीला जीवशास्त्रात नव्वद गुण मिळवलेले असतात. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहकामार्फत, जोडीने शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते, हे त्याने कधीकाळी वाचले असेलही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीच्या हजारो रुग्णांना क्षार-साखरेचे पाणी पाजले आणि मृत्यूचे प्रमाण कितीतरी खाली आणले. आपल्या देशातील वैद्यकाच्या इतिहासातील ते एक उज्ज्वल पान आहे. परंतु त्या बापाच्या लेखी ते वाक्य चार पर्यायांपैकी एक होते. त्याचा आपल्या बाळाच्या पोटाशी काही संबंध असेल, असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

यात भर अशी, की पाठ्यपुस्तकांचा भार कमी करताना ‘पचन आणि शोषण’ हे संपूर्ण प्रकरणच एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पुस्तकातून गेले आणि २०२४ च्या ‘नीट’ अभ्यासक्रमातूनही वगळले गेले. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग त्याच सुमारास निघाला. मागच्या वेळचे उरलेले अँटिबायोटिक मुलाला का देऊ नये, हे मी पालकांना रोज समजावतो; जिवाणूंमध्ये प्रतिकारक्षमता कशी निवडली जाते हे समजल्याशिवाय ते खऱ्या अर्थाने पटत नाही. परीक्षेत जे नाही ते वर्गात नाही, वर्गात नाही ते डोक्यात नाही, आणि त्याची वसुली अखेरीस दवाखान्यात होते.

मध्यंतरी एक सतरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. डोकेदुखी, पोटदुखी, भूक नाही. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी अगोदरच झालेली. सर्व काही व्यवस्थित. झोप किती, असे विचारले तर म्हणाला, "साडेचार तास." या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, हे आपण सर्व जण जाणतो. त्याला थोडे मोकळे करावे म्हणून मी विचारले, सध्या काय शिकतो आहेस? उत्सर्जन संस्था, असे उत्तर आले. मग तो भडाभडा बोलू लागला : प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, गाळणीचा वेग मिनिटाला १२५ मिलिलिटर, दिवसाला १८० लिटर. एकही आकडा चुकला नाही. मी सहज म्हटले, "तुझी स्वतःची मूत्रपिंडं कुठं आहेत, हात लावून दाखव बरं." त्याने बेंबीच्या खाली, समोर हात ठेवला.

त्याचे आईवडील ओशाळले. खरे तर त्यांच्यापेक्षा अधिक ओशाळायला हवे होते ते मी. माझ्या मुलाला हाच प्रश्न विचारण्याचे धाडस मी त्या चार वर्षांत कधी केले नव्हते.

२०१९ साली मुलाला ‘नीट’मध्ये पुरेसे गुण मिळाले नाहीत. पुन्हा प्रयत्न करायचे ठरले, पण त्या मोठ्या वर्गात परत जाण्यास त्याने नकार दिला. काही दिवस तो घरात फारसा बोलत नव्हता. एके दिवशी दवाखान्यात काही द्यायला आला असता त्याने ते कार्ड वाचले आणि मला न सांगता बाईंच्या घरी जाऊन आला. त्याने सांगितले तेव्हा मला जे वाटले त्यात आनंदापेक्षा संकोच अधिक होता. चार वर्षांपूर्वी मी ते कार्ड लावले, तेव्हा माझा मुलगा कितवीत आहे हे बाईंनी विचारले होते आणि मी विषय बदलला होता.

एका संध्याकाळी त्याला घ्यायला गेलो तेव्हा शिकवणी संपायची होती. बाईंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची दिली आणि तिथूनच मी त्यांचा वर्ग पाहिला. जेवणाचे टेबल, भोवती आठ मुले, मधोमध एक जुना सूक्ष्मदर्शक. मुलांनी ऱ्होओच्या पानाच्या खालच्या बाजूस नेलपॉलिश लावले होते. ते वाळल्यावर पापुद्रा अलगद सोलून काचपट्टीवर ठेवायचा, म्हणजे पर्णरंध्रांचा ठसा दिसतो. आधी बघायचे, मग काढायचे, मग पुस्तक उघडायचे, हा त्यांचा क्रम. एका मुलीने पुस्तकातल्यासारखे सुबक चित्र काढले होते. बाई म्हणाल्या, "हे पुस्तकातलं आहे, तुझ्या पानातलं नाही. तुझ्या पानात दोन रंध्रं अगदी जवळ आली आहेत, ती कुठं गेली?" ती मुलगी पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळली.

या एका वाक्याने मी तीस वर्षे मागे गेलो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आम्ही पी.एम.टी. दिली तेव्हाही गाइडे होती, अपेक्षित प्रश्नसंच होते. आमचा काळ फार थोर होता असा माझा दावा नाही. मीही पाठांतरावरच उत्तीर्ण झालो. परंतु एम.जी.एम.मध्ये आल्यावर रुग्णाच्या खाटेशी उभे करून आमच्या गुरुजनांनी जे पहिले सांगितले ते हेच होते : पुस्तकातला रुग्ण विसरा, समोरचा पाहा. वैद्यकाच्या पहिल्या पायरीवर जे शिकवावे लागते, ते बाई सतरा वर्षांच्या मुलांना जेवणाच्या टेबलावर शिकवत होत्या.

त्यांचे इतर प्रयोगही असेच घरगुती. भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो. त्यातच आधी थोडी लाळ मिसळून वाट पाहिली की तो येत नाही. जिना चढून आल्यावर स्वतःची नाडी मोजायची आणि ती पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागतात याची नोंद ठेवायची. भिजवलेल्या वालाचे दोन दळे उघडून आतला अंकुर पाहायचा. जास्वंदीचे फूल उभे चिरायचे. कुठलाही प्राणी मारावा लागत नाही आणि साऱ्या प्रयोगांचा खर्च एका चाचणी मालिकेच्या शुल्काहून कमी. पुढे पचनाचे प्रकरण वगळल्याची बातमी आली, तेव्हा मी त्यांना विचारले की आता पेजेचा प्रयोग बंद का? त्या म्हणाल्या, "पुस्तकातून गेलं म्हणून पोटातून गेलं का?"

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या मराठी घरांसाठी त्यांच्या शिकवणीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बाहेरच्या कोणाच्या लक्षात येणार नाही. आपली मुले घरी मराठी बोलतात, मित्रांशी हिंदी, आणि पुस्तक इंग्रजीत. मराठीत ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा मूलभूत घटक. हिंदीत तिला ‘कोशिका’ म्हणतात आणि ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. उलट हिंदी पुस्तकातील ‘स्नायु’ म्हणजे दोन हाडे जोडणारा अस्थिबंध. आजीने सांगितलेला शब्द आणि मास्तरांनी सांगितलेला शब्द एकच, अर्थ मात्र वेगळा. मूल गोंधळते, आणि दीडशे जणांत हात वर करून विचारणार कोण? बाई पहिल्याच आठवड्यात तिन्ही भाषांतील शब्दांची वही करून घेतात. २०२२ साली मध्य प्रदेशात एम.बी.बी.एस.ची हिंदी पाठ्यपुस्तके निघाली तेव्हा भाषेच्या माध्यमावर बरीच चर्चा झाली. परंतु माध्यम कोणतेही असो, शब्द आणि वस्तू यांची गाठ कोणीतरी समोर बसून घालून द्यावी लागते.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप असा, की अशा शिकवणीने क्रमांक येतो का? याचे सरळ उत्तर : हमी नाही. बाईंच्या काही विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला, काहींना नाही. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासाठी दुसरीकडे जा, हे त्या स्वतःच सांगतात. बारावीच्या मुलांचा प्रश्नपत्रिकांचा सरावही त्या घेतात, आणि वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायला लावतात. आठवण्याच्या सरावाने ज्ञान अधिक काळ टिकते, हे २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी प्रयोगाने दाखवले. बाईंनी त्यांचे नाव ऐकलेले नाही, पण ३४ वर्षांत त्यांच्या ते ध्यानात आले होते. समोरासमोरच्या शिकवणीचा परिणाम वर्गातील अध्यापनापेक्षा कितीतरी अधिक होतो, हा निष्कर्ष बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ सालीच मांडला. नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम ब्लूम यांनी सांगितला तेवढा मोठा दिसला नाही, पण दिशा तीच राहिली. आपण डॉक्टर मंडळी औषध लिहिताना पुरावा मागतो. मुलांचे शिक्षण निवडताना मात्र रस्त्यावरचे फलक पाहून निर्णय घेतो.

दुसरा आक्षेप शिकवणी या प्रकाराविषयीच आहे. शाळेत नीट शिकवले तर शिकवणी हवीच कशाला? हे तत्त्वतः अगदी मान्य. सेवेतील शिक्षकांनी खासगी शिकवणी घेऊ नये असे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ मध्ये म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु मी बोलतो आहे ते निवृत्त शिक्षकांविषयी. शस्त्रक्रिया थांबवलेल्या ज्येष्ठ शल्यचिकित्सकाला आपण सल्ल्यासाठी बोलावतो, त्याचा हात थांबला तरी नजर थांबत नाही असे म्हणतो. मग चौतीस वर्षे हजारो मुलांच्या चुका पाहिलेल्या शिक्षकाची नजर निवृत्तीच्या दिवशी अडगळीत का टाकायची? कोणत्या ठिकाणी मूल अडखळते, हे तिला मुलाच्या आधी कळते. अनुभव या शब्दाला काही अर्थ असेल तर तो हाच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. परीक्षा जशी आहे तशी आहे, ती आपण बदलू शकत नाही. मग मुलाला त्या परीक्षेसाठीच तयार करणे हे पालकाचे कर्तव्य नाही का? आहे. पण तीन तासांच्या परीक्षेवर माणसाचे सारे मोल तोलणे किती ठिसूळ आहे, हे आपल्या शहराने नुकतेच पाहिले. ४ मे २०२५ रोजी ऐन ‘नीट’च्या वेळी इंदूरमध्ये वादळी पाऊस आला, अनेक केंद्रांवरील वीज गेली आणि मुलांनी अंधारात उत्तरे भरली. प्रकरण न्यायालयात गेले, फेरपरीक्षा मात्र अखेरीस झाली नाही. देशाच्या पातळीवर पाहिले तर २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. प्रत्येक मृत्यूचे कारण परीक्षा होते असे नव्हे. परंतु हा आकडा वाचून आपण बालरोगतज्ज्ञांनी तरी गप्प बसू नये. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत प्रवेश देऊ नये अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वाचताना मला, चौदाव्या वर्षी ‘फाउंडेशन’ला बसवलेला माझा मुलगा आठवला.

परीक्षेने माणूस पुरता मोजता येत नाही, याचा दाखला जीवशास्त्राच्याच इतिहासात आहे. ग्रेगोर मेंडेल १८५० साली शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. विषयांपैकी एक निसर्गविज्ञान होता. तरीही पुढे ब्रुनो शहरातील शाळेत बदली शिक्षक म्हणून त्यांनी सुमारे चौदा वर्षे शिकवले, आणि त्याच काळात मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपे वाढवून, मोजून, अनुवंशाचे नियम शोधून काढले. त्या नियमांवर आज ‘नीट’मध्ये दरवर्षी प्रश्न येतात.

माझ्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय ही हकिकत अपुरी राहील. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. बाईंनी फोनवर शिकवणे चालू ठेवले. रोज सायंकाळी सहा वाजता आमच्या घरात त्यांचा आवाज येई. लांबलेली परीक्षा १३ सप्टेंबरला झाली. गुण वाढले, पण सरकारी महाविद्यालयापुरते नव्हते. मी खासगी महाविद्यालयाची चौकशी सुरू केली, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मला माती शिकायची आहे."

मला प्रथम कळलेच नाही. मग उलगडा झाला. ‘परिसंस्था’ या प्रकरणात विघटनाच्या पायऱ्या आहेत : विखंडन, निक्षालन, अपचय, ह्यूमस बनणे, खनिजीकरण. सगळी मुले त्या पाठ करतात. बाईंनी त्या आपल्या गच्चीवरील खताच्या कुंडीत, आठवड्या-आठवड्याला तापमान मोजून, दाखवल्या होत्या. त्याच वेळी त्यांनी मुलांना सांगितले होते, की कंपोस्ट खताच्या एका पद्धतीला साऱ्या जगात ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत काडीकचरा, शेण, राख आणि माती यांचे थर देऊन, वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ही रीत बसवली. त्यावरील १९३१ च्या ग्रंथावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. त्याच परिसरात आज कृषी महाविद्यालय आहे. २०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आपण मिरवतो, ओला आणि सुका कचरा वेगळा करतो, पण आपल्या शहराचे नाव मातीच्या शास्त्रात कोरलेले आहे हे मलाही पन्नाशीत मुलाकडून कळले.

आज तो मातीतील सूक्ष्मजीवांवर संशोधन करतो. यात बाईंचा वाटा किती आणि त्याच्या स्वभावाचा किती, हे मोजता येणार नाही, आणि डॉक्टर झाला असता तर तो दुःखी झाला असता असेही मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो, की तो त्या एकोणीसांपैकी एक आहे, आणि त्याची दोन वर्षे वाया गेली असे मला म्हणता येत नाही. ज्या चार वर्षांचे शुल्क मी भरले, त्यांच्याविषयी मात्र तसे म्हणता येईल.

आपल्या मंडळापुढे काही सूचना ठेवून हा लेख संपवतो. आपण सर्वांनी आपल्या दवाखान्यात परिसरातील निवृत्त, अनुभवी शिक्षकांच्या पत्त्यांसाठी हातभर जागा ठेवावी. मात्र आधी जाऊन त्यांचे शिकवणे पाहून यावे. आपल्याकडील परिचारिका, कंपाउंडर आणि सफाई कर्मचाऱ्यांच्या मुलांपैकी दरवर्षी निदान चौघांचे शिकवणी-शुल्क मंडळाने द्यावे. लहान शिकवणीचे शुल्क आपल्या वार्षिक स्नेहभोजनाच्या खर्चापुढे नगण्य आहे. महिन्यातील एका रविवारी आपणांपैकी एकाने या मुलांसमोर बसावे. विकृतिशास्त्रज्ञाने रक्ताची काचपट्टी न्यावी, क्ष-किरणतज्ज्ञाने मुलांच्याच वयाच्या हाताचे चित्र न्यावे, आणि मूत्रपिंडे कुठे असतात ते कोणीतरी पाठीवर हात ठेवून दाखवावे. गुणगौरव समारंभात गुणपत्रिकेबरोबर एका निरीक्षणवहीलाही पारितोषिक असावे. ते परीक्षक म्हणून बाईंनी द्यावे, अशी माझी इच्छा आहे. त्यांना अद्याप विचारलेले नाही.

त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तीन आठवडे शिकवणी बंद होती. नंतर पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना नेत्रभिंगावरचा धडा दिला. यंदा त्यांच्याकडे सहाच विद्यार्थी आहेत. दोन जागा रिकाम्या आहेत.